हा कपलर कोणाचा?

शेतावरच्या पाण्याच्या मोटरचा स्टार्टर कधी उघडून बघितलाय? (मेन स्विच पाडून मगच, हे वेगळं सांगायला नको.) झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला असतो. कॉइल कुठे, ओव्हरलोड रिले कुठे, हिरवं बटण कुठे, लाल बटण कुठे, तीन फेज कुठून आत येतात आणि कुठून मोटरला जातात, सगळं रेघा मारून दाखवलेलं. कागद तेलकट झालेला असतो, एखाद्या कोपऱ्यात झुरळाने हजेरी लावलेली असते, पण असतो. काही हजारांची वस्तू! घरच्या वॉशिंग मशीनचा मागचा पत्रा काढा, बहुतेकदा तिथेही तसाच कागद सापडेल.

आता काही लाखांची पिकअप घ्या. तिच्या पोटात वायरींचं जंगल आहे. तिच्याबरोबर एक गुळगुळीत कागदाची पुस्तिकाही मिळते. तीत काय असतं? टायरमध्ये हवा किती भरा, सीटबेल्ट लावा, ऑईल अमुक किलोमीटरला बदला, आणि जरा अडचणीचा विषय आला की, "अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा." फ्यूज बॉक्सच्या झाकणावर चारदोन चित्रं. बास. वायरिंगचा नकाशा नाही.

का नाही? मोटरचा स्टार्टर बनवणाऱ्याला जे जमतं ते गाडी बनवणाऱ्याला का जमत नाही?

नमनाला घडाभर तेल झालं, मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं असं की वायरिंग डायग्राम हा गाडीचाच भाग आहे, स्टेपनी आणि जॅकसारखा. तो मालकाच्या हातात न देणं म्हणजे गाडी अर्धवट विकणं. आणि याच म्हणण्याचा दुसरा भाग आपल्याच लोकांना झोंबणारा आहे. त्या वायरिंगला जो कोणी हात घालतो आणि काय केलं ते लिहून ठेवत नाही, तोही त्याच पापाचा वाटेकरी.

हे मी हवेत बोलत नाहीये. माझे मामा नसरापूरला राहतात. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना चेलाडी फाट्याला वळलं की आलंच नसरापूर. बनेश्वरला डबा घेऊन जाणाऱ्यांना आणि दर वीकांताला राजगड-तोरण्यावर धावणाऱ्या आयटीतल्या मावळ्यांना हा फाटा पाठ असतो. मामांकडे वीसेक वर्षं जुनी डिझेल पिकअप आहे. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण दुसऱ्या कंपनीची असती तरी कथा हीच झाली असती. गाडी तिसऱ्या हाताने घेतलेली. भात, भाजी, शेणखत, कुणाच्या लग्नातली भांडी, जे मिळेल ते वाहते. पावसाळ्यात पहाटे तीनला भाजी भरून कात्रजमार्गे मार्केट यार्डला निघते.

तर या गाडीचं पासिंग आलं होतं. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करून घ्यावं लागतं. म्हणजे दरवर्षी सगळे दिवे लागले पाहिजेत. इथे रिव्हर्स लाईट बंद, एक ब्रेक लाईट मनात आलं तर लागणार आणि हेडलाईट म्हणजे देवघरातली समई. पासिंग नाही तर धंदा नाही, इतका सरळ हिशेब.

अस्मादिकांनी शनिवारी सकाळी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. गाडीभर फिरून मोजले तर एकूण सहा कपलर आणि एक तुटकी लाल वायर अशा निघाल्या, ज्या कशालाच जोडलेल्या नव्हत्या. नुसत्या लोंबकळत होत्या. मामांना विचारलं.

"ते पहिल्यापासनं तसंच हायेत. गाडी चालतीय ना? मग कशाला उकरतोस?"

हायवेलगतच्या वायरमनला फोन लावला. भला माणूस. म्हणाला, "सायेब, ते काय कामाचे न्हाईत. सोडून द्या."

"कामाचे नाहीत तर दिलेत कशाला?"

"कंपनीनं दिलेत."

घ्या! कामाचे नाहीत, पण कंपनीने दिलेत. कंपनीने कशाला दिलेत, ते कंपनीलाच माहीत. आणि कंपनी सांगत नाही.

आता कुणी म्हणेल, "एवढं काय त्यात? रंगावरून ओळखायची वायर." हा सल्ला देणाऱ्याला मी नम्रपणे विचारतो, कुठल्या देशाच्या रंगावरून? जुन्या ब्रिटिश, म्हणजे ल्युकासच्या पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे बॅटरीची थेट लाईन, बहुधा मध्ये फ्यूजसुद्धा नाही. जर्मन पद्धतीत तीच तपकिरी वायर म्हणजे अर्थ! एकाच्या देशात जी वायर बिनधास्त बॉडीला टेकवायची, तीच दुसऱ्याच्या देशात टेकवली तर ठिणग्यांची दिवाळी. जपानी गाड्यांत अर्थ बहुधा काळी. आकृतीतली अक्षरंही निराळी. निळ्या वायरीला जपानी माणूस 'एल' लिहितो, ब्रिटिश 'यू' लिहितो आणि जर्मन 'बीएल'. 

आणि आपल्या देशात हे तिघेही पाहुणे येऊन राहिले. अँबॅसेडर मॉरिस ऑक्सफर्डची लेक. १९५४ पासून टाटांचे ट्रक मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने निघाले. आपल्या पुण्यातली बजाज टेंपोही जर्मन सोयरीकच. मग १९८३ ला मारुती-सुझुकी आली, आणि त्याच दशकात हलक्या ट्रकांमध्ये टोयोटा, माझदा, निसान, मित्सुबिशी असे चार जपानी जावई एकदम आले. प्रत्येकाने आपली पद्धत आणली, मग इथल्या कंपन्यांनी ती आपापल्या सोयीने वाकवली, मग एखाद्या वर्षी अमुक रंगाची वायर स्वस्त मिळाली म्हणून तीच वापरली गेली असेल तर कुणास ठाऊक. आणि या सगळ्यावर वीस वर्षांचा मावळातला पाऊस आणि चिखल! त्यानंतर पांढरी, पिवळी आणि करडी या तिन्ही वायरी एकाच रंगाच्या दिसतात. शेणाच्या.

म्हणजे रंग हा पुरावा नव्हे, फार तर संशय. मग उरतं काय? एकेक वायर धरून तिची उलटतपासणी घेणं. ती कशी घेतली ते थोडं सविस्तर सांगतो, कारण ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांच्या कामाचं आहे, आणि एका साध्या कागदाअभावी माणसाला काय काय करावं लागतं तेही त्यातून दिसेल.

आधी बॅटरीचा अर्थ काढला. मग प्रत्येक कपलरला कागदी चिकटपट्टी लावून नंबर दिला आणि वहीत रकाने आखले: जागा, पिना किती, वायर जाड की बारीक, रंग. जागा आणि जाडी यातूनच निम्मं कळतं. एका हेडलाईटचा बल्ब ६० वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टला ५ अँपिअर. त्याची वायर जाडच असणार. गेजला किंवा एखाद्या दिव्याच्या स्विचला जाणारी वायर बारीक. मग बॅटरी काढलेली असतानाच मल्टिमीटरने एकेक पिन बॉडीशी जुळते का, हे तपासलं. जी जुळली ती बहुतेक अर्थ. (बहुतेक, कारण बल्बच्या तारेतूनही बीप वाजतो!) मग बॅटरी जोडून प्रत्येक पिनवर तीनदा व्होल्टेज बघितलं: चावी बंद असताना, चावी चालू असताना आणि दिवे लावून. चावी बंद असतानाही १२ व्होल्ट दिसले तर ती थेट बॅटरीची. चावी फिरवल्यावर आले तर इग्निशनची. मग एकेक फ्यूज काढून कुठला फ्यूज काढल्यावर व्होल्टेज जातं ते लिहिलं.

इथे एक गोष्ट कानात सांगतो. मल्टिमीटर भोळा असतो. आतून हिरवा पडलेला, कुजलेला कपलरसुद्धा त्याला १२ व्होल्ट दाखवतो, कारण मल्टिमीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. त्याच जागी २१ वॅटचा साधा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरी लावून धरा, म्हणजे पावणेदोन अँपिअर मागा, की कपलरचं खरं रूप दिसतं. आपल्याकडचे वायरमन बल्बचा टेस्ट लॅम्प वापरतात त्याला आम्ही शहरातले शहाणे हसतो. हसू नये. जुन्या गाडीत तो जास्त खरं बोलतो. नव्या गाडीत मात्र कंट्रोल युनिटच्या वायरींना तो लावू नये, आणि पिवळ्या आवरणातल्या एअरबॅगच्या वायरींना तर काहीच लावू नये.

शनिवार-रविवार मिळून तपास संपला. आरोपींची यादी अशी:

१. ग्रिलमागे डावीकडे एक, उजवीकडे एक, दोन पिनांचे कपलर. एक पिन अर्थ, दुसरी थेट फ्यूज बॉक्समधल्या रिकाम्या रिलेच्या जागेपर्यंत. हे फॉग लॅम्पचे. महागड्या मॉडेलमध्ये ते दिवे येत, मामांच्या स्वस्त मॉडेलमध्ये नाहीत.

२. डॅशखाली चार पिनांचा, दोन वायरी जाड, दोन बारीक. फ्यूजची जागा रिकामी, झाकणावर तिथे बर्फाच्या कणाचं चित्र. म्हणजे एसी. शेणखत वाहणाऱ्या गाडीत एसीची सोय!

३. त्याच्याच शेजारी दोन पिनांचा. एकावर कायम १२ व्होल्ट, दुसरी इग्निशनची. घड्याळाची जागा डॅशवर झाकण लावून बंद केली होती, त्याच्या मागचा हा.

४. गिअरबॉक्सजवळ, चिखलात माखलेला, दोन पिनांचा. चावी फिरवल्यावर एका पिनवर १२ व्होल्ट. फ्यूज लावलेल्या वायरीने दोन्ही पिना जोडल्या आणि मागे रिव्हर्स लाईट लागला! कधीतरी क्लच प्लेट बदलताना कुणीतरी हा काढला आणि परत लावला नाही. पुसला, लावला, खट्ट. खर्च शून्य.

५. मागे चासीवर तीन पिनांचा. मूळ हौद्याच्या दिव्यांचा. मधल्या मालकाने हौदा बदलला, नव्या दिव्यांचे कपलर जुळले नाहीत, तर वायरी कापून, पीळ देऊन, टेप गुंडाळून काम भागवलं. टेपच्या आत तांब्याची हिरवी भुकटी झाली होती. ब्रेक लाईट मनात आलं तरच का लागतो, ते इथे कळलं.

आणि ती लाल वायर.

ती थेट बॅटरीवरून येत होती. मध्ये फ्यूज नाही. पत्र्याला भोक पाडून, रबराची गोमटी न लावता केबिनमध्ये घेतलेली. कुणीतरी कधीतरी गाण्याचा मोठा अँप्लिफायर बसवला असावा. तो काढून नेला, वायर तशीच कापून टेप लावून सीटखाली सारून दिली. पत्र्याच्या धारेवर वीस वर्षांच्या खडखडाटात तिचं प्लास्टिक घासून तांबं चमकायला लागलं होतं. सीटखाली काय होतं म्हणाल? रिकामी गोणपाटं आणि डिझेल पुसायची फडकी. ७० अँपिअर-तासाची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकड्यांनी अँपिअर देऊ शकते. फ्यूज नसेल तर ती वायरच फ्यूज होते, म्हणजे लालबुंद होऊन पेटते. पहाटे तीनला, पावसात, भाजी भरलेल्या गाडीत.

"कशाला उकरतोस?" याचं उत्तर त्या लाल वायरीत होतं. मामांना ते घासलेलं तांबं दाखवलं. काही बोलले नाहीत. सीटखालची गोणपाटं मात्र स्वतः उचलून बाहेर टाकली.

हेडलाईटचं दुखणं आणखी साधं. बॅटरीवर १२.४ व्होल्ट आणि बल्बच्या पिनांवर ९.८. रेडिएटरच्या बाजूचा अर्थचा बोल्ट गंजलेला. तसे अडीच व्होल्टच गेले, पण बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, फार झपाट्याने पडतो. एवढ्या घटीला उजेड निम्म्याहूनही कमी होतो. बोल्ट काढला, पॉलिश पेपर मारला, परत आवळला. दिवे लख्ख. दोन रुपयांचा कागद!

आता सांगा, यातलं काय अवघड होतं? एकही काम नाही. दुरुस्ती सगळी मिळून तासाभराची, शोध दोन दिवसांचा. माझे दोन दिवस हौसेचे होते, सोमवारी हापिसात जाऊन खुर्चीत बसलो की पगार सुरू. पण पोटासाठी गाडी चालवणाऱ्याचे दोन दिवस म्हणजे दोन फेऱ्या. वायरमन दोन दिवस देईल तर पैसे घेईलच, आणि घ्यावेतच. म्हणून तो शोध घेत नाही, बायपास करतो. बंद वायर तिथेच सोडतो, नवी ओढतो. पुढचा आला की आणखी एक. नकाशा नसलेल्या गाडीत प्रत्येक दुरुस्ती हा पुढच्या बिघाडाचा पाया असतो.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात या प्रकाराला लेगसी कोड म्हणतात. कुणी लिहिला माहीत नाही, कशाला लिहिला माहीत नाही, काढला तर काय पडेल माहीत नाही, म्हणून कुणी हात लावत नाही. फॉग लॅम्पचा तो रिकामा कपलर म्हणजे हुबेहूब आमचे बंद ठेवलेले फीचर. सगळ्या मॉडेलांना एकच वायरिंग बनवणं स्वस्त पडतं, ज्याने पैसे भरले त्याला दिवा, बाकीच्यांना नुसता कपलर. यात काही गैर नाही. गैर हे की कपलर देता आणि तो कशाचा हे सांगत नाही!

१९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या माणसाला प्रिंटरच्या प्रोग्रॅमचा सोर्स मिळाला नाही. कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा एवढी छोटी सुधारणा त्याला करायची होती. नाही मिळाला. तो इतका चिडला की १९८३ मध्ये त्याने ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, आणि आज आमच्या हापिसातले निम्मे सर्व्हर त्या चिडण्यावर चालतात. आम्ही आयटीवाले या गोष्टीवर टाळ्या वाजवतो, लिनक्सचे टीशर्ट घालतो. मग गाडीच्या सोर्सवर गप्प का? वायरिंग डायग्राम दुसरं काय आहे? वरून स्टॉलमनचा नुसता कागद अडकत होता, इथे माणूस जळू शकतो.

आता आक्षेप. ते ऐकून ऐकून पाठ झालेत, म्हणून मीच मांडतो.

"सुरक्षितता! डायग्राम दिला तर कुणीही गाडी उघडेल." अहो, उघडतोच आहे! डायग्राम नाही म्हणून वायरी कापायचं कोण थांबलंय? ती लाल वायर डायग्राम वाचून नव्हती टाकली. ज्याला कुठला फ्यूज रिकामा आहे हे माहीत असतं तो त्यातून लाईन घेतो. ज्याला माहीत नसतं तो थेट बॅटरीवर जातो.

"आमचं तांत्रिक गुपित आहे." कुणापासून? दुसऱ्या कंपनीला हवं असेल तर ती एक गाडी विकत घेऊन स्क्रू न् स्क्रू सुटा करेल. गुपित उरतं ते फक्त मामांपासून आणि हायवेलगतच्या वायरमनपासून. इंडिकेटरच्या वायरीत कसलं डोंबलाचं गुपित!

"चोऱ्या वाढतील." चावीच्या इलेक्ट्रॉनिक कुलपाचा भाग वगळा, कोण नको म्हणतंय? ब्रेक लाईट कुठून जातो हे कळल्याने गाडी चोरीला जात नाही.

"आपल्या मेकॅनिकला डायग्राम वाचता येतो का?" हा आक्षेप मला सगळ्यात जास्त झोंबतो. याच मेकॅनिकने डायग्राम नसताना आयुष्यभर गाड्या चालत्या ठेवल्यात! त्याला वाचता येत नाही म्हणून आपण देत नाही, की आपण देत नाही म्हणून तो वाचायला शिकत नाही? आयटीआयमध्ये गाड्यांच्या इलेक्ट्रिकलचा स्वतंत्र ट्रेड आहे. पोरं शिकून बाहेर पडतात आणि पुढे आयुष्यात ज्या गाडीवर काम करायचं तिचा डायग्राम बघायला मिळत नाही. बुलेटच्या जुन्या पुस्तिकेत वायरिंग डायग्राम असायचा, तो बघून तयार झालेले मिस्त्री मला माहीत आहेत. ब्रिटनमध्ये हेन्स नावाच्या प्रकाशनाने १९६६ पासून गाड्यांची मॅन्युअलं काढली, शेवटच्या पानांवर वायरिंगचे नकाशे. तिथले कारकून आणि मास्तर घराच्या अंगणात गाड्या खोलून बसायचे. त्यांचे हात काही निराळ्या मातीचे नव्हते.

जगात बाकी कुठे हे होत नाही असंही नाही. युरोपने २००७ च्या नियमात स्पष्ट लिहिलं की बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांनाही माहिती मिळालीच पाहिजे, आणि त्या यादीत वायरिंग डायग्राम हा शब्द नाव घेऊन आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये या प्रश्नावर थेट लोकांचं मत घेतलं. पंचाऐंशी टक्क्यांहून जास्त मतं दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने पडली. दोनच वर्षांत कंपन्यांनी देशभरासाठी करार केला. एका राज्यातले मतदार हटून बसले आणि सगळ्या देशाचं काम झालं.

आणि आपण? आपल्याकडेही सुरुवात झाली होती, आणि चांगली झाली होती. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला, कारण सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. मग अपिलं, कोर्ट, तारखा. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत मोबाईल आणि घरगुती उपकरणांबरोबर गाड्या आणि शेतीची अवजारंही होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू झालं. स्वागत आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. पोर्टलवर कंपनी देईल ते मिळतं. कायद्यात जे लिहिलंय ते मागता येतं. फरक मोठा आहे.

इथवर कंपन्यांना झोडपलं, आता आपला नंबर. 

आपल्याला जुगाडाचं फार कौतुक. परदेशी प्राध्यापकांनी त्यावर पुस्तकं लिहिली तेव्हापासून तर आपली छाती आणखीच फुगली. अडल्या वेळी डोकं चालवून गाडी घरी आणणं ही कला आहे, तिला माझा दंडवत. पण घरी आणल्यावर तो जुगाड तसाच ठेवणं, आणि कुठे काय केलं ते कुणालाही न सांगणं, ही कला नाही. हा पुढच्या माणसासाठी लावलेला सुरुंग आहे. त्या लाल वायरीवर कुणी दोन शब्द लिहिले असते, "टेप, थेट बॅटरी", तर एवढी वर्षं ती तशी राहिली नसती.

आमच्या त्या वायरमनला मी नंतर भेटलो. वही दाखवली. त्याने बारकाईने पाहिली, दोन ठिकाणी माझ्या नोंदीत भरही घातली. मग म्हणाला, "सायेब, वायरीवर नावं लिवली तर उद्या माझ्याकडं कोण येईल?"

हसण्यावारी नेऊ नका. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. आणि खरं सांगू? आमच्या हापिसातही असे महाभाग आहेत, वातानुकूलित खोलीत बसून हेच करतात. कोडमध्ये एक ओळ समजावून लिहिणार नाहीत, कारण समजलं तर आपली गरज संपेल ही भीती. त्यांना गलेलठ्ठ पगार आहे तरी भीती जात नाही, मग फाट्यावरच्या माणसाला का दोष द्यायचा? पण त्याला मी जे म्हणालो ते इथेही म्हणतो. नाव लिहिलेली वायर बघून मामा स्वतः काम करणार नाहीत, ते तुमच्याकडेच येतील. फक्त दोन दिवसांचं काम दोन तासांत होईल, तुम्ही दिवसाला एकाऐवजी चार गाड्या कराल, आणि नव्या बीएस ६ गाड्या दारात आल्या की त्यांनाही हात लावायची हिंमत होईल. एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत सेन्सर इतके आहेत की नुसत्या अंदाजावर काम होणारच नाही. डायग्राम मिळाला नाही तर ते गिऱ्हाईक तुमच्याकडून सेवा केंद्राकडे जाणार. गुपित राखून धंदा टिकत नाही, जातो. आणि ज्याच्या डोक्यात तीस वर्षांचं वायरिंग साठलंय त्याने ते लिहिलं नाही तर ते त्याच्याबरोबरच संपेल.

त्याला पटलं की नाही, देव जाणे. पण जाताना त्याने माझ्याकडची कागदी चिकटपट्टी आणि मार्कर मागून घेतला.

असो. नुसतं ओरडून भागत नाही, म्हणून मागण्याही लिहितो.

एक: प्रत्येक गाडीबरोबर वायरिंग डायग्राम द्या. पुस्तिकेत पानं वाढतात? मग बॉनेटच्या आत एक चौकोनी क्यूआर कोड चिकटवा. ऑईलची जाहिरात चिकटवायला जागा सापडते, त्याच्या शेजारी.

दोन: मॉडेल बनवणं बंद केलं की त्याची सगळी सर्व्हिस मॅन्युअलं सगळ्यांना खुली करा. जी गाडी तुम्ही विकतच नाही तिचं गुपित कुणासाठी राखताय?

तीन: प्रत्येक कपलरवर नंबर छापा. साच्यात एकदा कोरायचा खर्च. रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे जर्मन प्रमाणानुसार कधीपासून छापलेले येतात, आणि म्हणून रिले हा जुन्या गाडीतला असा भाग आहे की जो कुठल्याही गावातला कुठलाही वायरमन न चुकता लावतो. नंबर दिला की शहाणपण आपोआप येतं, याचा याहून मोठा पुरावा नको.

चार: हे सगळं कंपन्यांच्या मर्जीवर सोडू नका, कायद्यात घाला.

पाच, ही आपल्या सगळ्यांसाठी: गाडीच्या वायरिंगला हात लावला तर नोंद ठेवा. शंभर पानी वही आणि पेन. तारीख, कुठली वायर, कुठून कुठे, फ्यूज किती अँपिअरचा. ती वही आरसी बुकाबरोबर ठेवा आणि गाडी विकली तर पुढच्याला द्या. मामांच्या गाडीची वही आता तिथेच आहे. पासिंगही झालं.

तुम्ही पुढच्या वेळी नवी गाडी घ्यायला शोरूममध्ये जाल. पेढे येतील, चावीचा मोठ्ठा पुठ्ठा हातात देऊन फोटो काढतील. तेव्हा एवढंच विचारा: "वायरिंग डायग्राम देताय ना?" समोरचा पोरगा गोंधळेल, बहुतेक हसेल. हसू दे. महिन्यात दहा जणांनी विचारलं की तो साहेबाला विचारेल, आणि साहेब वरच्याला. विचारायला पैसे पडत नाहीत.